सहावा नमुना

गुलाब मिस्त्री माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी सातवीला त्रैराशिक शिकवत होतो. हा माणूस शाळेच्या आवारात पाऊल टाकत नाही. लहानपणी खाल्ला तेवढा मार पुरे, असं म्हणतो. त्यामुळे त्याला पाहूनच माझ्या हातातला खडू थांबला. "मास्तर," तो म्हणाला, "विसूभाऊ गेले." मी विचारलं, कधी? "सकाळी. चहा मांगला, अन् चहा येईपर्यंत..." मी मुलांना फळ्यावर एक उदाहरण घालून दिलं आणि बाहेर पडलो. ते उदाहरणच मी चुकीचं घातलं होतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

आर्वीत विश्वनाथ ठोंबरे, म्हणजे आमचे विसूभाऊ, हे नाव विचाराल तर लोक सांगतील, जिनिंगमधला तो म्हातारा का, हातात काळ्या रंगाचा डबा घेऊन कापसाच्या गठाणींवर नंबर मारायचा तो? हो, तोच. पण तो नंबर मारणारा नव्हता हो! सहा वर्षांपूर्वीपर्यंत तो या भागातला पहिल्या प्रतीचा पारखी होता. कापसाचा पुंजका हातात घ्यायचा, दोन अंगठ्यांनी ओढायचा, निघालेले धागे मांडीवरच्या काळ्या फडक्यावर ठेवायचा आणि न मोजता तार सांगायचा. तार म्हणजे धाग्याची लांबी. नंतर पट्टी लावा, केसाचा फरक निघायचा नाही. तो पारखीच्या टेबलावरून उठला आणि रंगाच्या डब्यापाशी गेला, तो माझ्यामुळे. सहा वर्षं मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर नोकरी जाईल अशी भीती होती. भीती अजूनही आहे, उगाच शूरपणाचा आव आणत नाही. मी मुळात घाबरट. मुलं मला कडक म्हणतात, पण घाबरट माणूस वर्गात कडकच असतो.

गोष्ट सुरू झाली एका खोक्यापासून. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. परदेशी व्यापाऱ्यांच्या वतीने इथला कापूस घेणारा एक फ्रेंच साहेब जिनिंगच्या आवारातल्या बंगल्यात राहायचा. त्याने आपला पसारा आवरला, तेव्हा जाताना विसूभाऊंना लाकडी खोकं दिलं. आत गवतात निजवलेल्या सहा बाटल्या होत्या. दोन तांबडी बर्गंडी, दोन पांढरी बर्गंडी आणि दोन शांपेन. साहेबाची अट एकच. मित्रांना घेऊन चाखायच्या आणि प्रत्येकीबद्दल खरं मत लिहून त्याला पाठवायचं. आपल्या जिल्ह्यात दारूबंदी. गावात एखाद्याच्या घरी मोहाची बाटली सापडली तरी बेड्या पडत, तिथे हे आख्खं खोकं! मी विसूभाऊंना म्हटलं, "फोडून टाका, विहिरीत टाका, काहीही करा." ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, साहेबानं अकरा वर्सं माही चिठ्ठी मानली. एकदाबी नमुना फिरवून पाह्यला नाई. आता त्यानं मले नमुने देल्ले, अन् मी चिठ्ठी नाई देऊ? काऊन?"

मला तर त्यांनी न विचारता पंच नेमलं होतं, कारण मी 'शिकलेला'. दुसरा पंच गुलाब मिस्त्री, जिनिंगच्या इंजिनावरचा फिटर. (गुलाब हे त्याचं खरं नाव नव्हे. त्याची नोकरी कशाला धोक्यात घालू?) सरकीच्या पोत्यांखाली घालून खोकं बैलबंडीतून घरी आणलं ते त्यानेच. माझी अवस्था वेगळी होती. माझी सरकारी शाळेतली नोकरी कच्ची होती, जूनमध्ये पक्की व्हायची होती. नालवाडीला विधवा आई आणि लग्नाच्या दोन बहिणी माझ्या मनीऑर्डरीवर. दारूच्या प्रकरणात नुसतं नाव आलं असतं तरी संपलं असतं सगळं. तरी मी गेलो. विसूभाऊंना नाही म्हणणं मला जमायचं नाही, आणि खरं सांगायचं तर ती चव कशी असते याची उत्सुकताही होती. दोन्ही कारणं खरी आहेत.

रविवारी दुपारी जिनिंग बंद असे. गाव जेवून आडवं झालं की मी त्यांच्या घरी जायचो, बगलेत भूमितीचं पुस्तक, कोणी विचारलंच तर असावं म्हणून. त्यांच्या मधल्या खोलीला उत्तरेकडे एक खिडकी होती. पारख्याला उत्तरेचाच उजेड लागतो, ऊन आलं की रंग फसवतो म्हणत. खिडकीखाली तपासून झालेल्या कापसाचा कमरेएवढा ढीग, शेजारी निळ्या कागदात बांधलेले नमुने, प्रत्येकाला सुतळीने चिठ्ठी. चिठ्ठीवर रकाने ठरलेले: नमुना, रंग, वास, कचरा, तार, मत. विसूभाऊंनी बाटल्यांसाठीही त्याच चिठ्ठ्या घेतल्या. म्हणाले, मले दुसरी तऱ्हा येत नाई.

पहिली तांबडी बर्गंडी. बूच काढायचं हत्यार कोणाकडे असणार? गुलाबने इंजिनातला एक लांब स्क्रू आणला होता, तो पिळला आणि पकडीने ओढला. चहाच्या काचेच्या पेल्यांत दोन-दोन बोटं ओतली. वेष्टनावरचं फ्रेंच मला वाचता येईना, येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मी काहीतरी वाचलं आणि दोघांनी माना डोलावल्या. विसूभाऊंनी पेला पांढऱ्याशुभ्र रुईच्या पुंजक्यापुढे धरला आणि किती तरी वेळ नुसता रंग पाहिला. मग वास. मग एक घोट, तोंडात इकडून तिकडे. गुलाबने मात्र एका दमात संपवलं. "हे काय राह्यते जी? जांभळाचा रस हाये, तुरट. डोक्याले काईच नाई!" विसूभाऊ हाताने त्याला गप्प करत तोंडातल्या तोंडात मोजत होते. घोट गिळल्यावर चव किती वेळ राहते ते मोजत होते हो! वीसपर्यंत गेले. त्या चिठ्ठीची नक्कल माझ्याकडे आहे: "रंग जांभळा, कडेला विटकरी. वास पिकल्या जांभळाचा, मागून ओल्या पानांचा. कचरा: तळाशी गाळ थोडा. तार लांब, वीस."

विसूभाऊंच्या घरी सगळ्यात मोठा अडसर वहिनी, असं मला वाटत होतं. शांतावहिनी आष्टीच्या. बेचाळीसच्या चळवळीत त्यांचा भाऊ तुरुंगात गेलेला, आणि तेव्हापासून घरात दारूचा थेंब येऊ देणार नाही असं त्यांनी बोलून दाखवलेलं. पहिल्या रविवारी त्या दारात फुटाण्यांची थाळी घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी भूमिती उघडली. त्या म्हणाल्या, "लपवू नोका मास्तर, मले सांगून बसले हायेत ते. सहा म्हंजे सहा. सातवी दिसली तं मी आष्टीले जाईन." पिणार तर त्या नव्हत्याच. पण दुसऱ्या रविवारी पांढरी बर्गंडी निघाली आणि आम्ही तिघं वासावर अडलो. काहीतरी ओळखीचं होतं, नाव सापडेना. वहिनींनी उभ्याउभ्याच पेला नाकाशी नेला, परत ठेवला. "लोणी कढवल्यावर बुडाशी बेरी राह्यते ना, तिचा वास हाये." आणि खरंच, बेरीच! विसूभाऊंनी लिहिलं, "वास बेरीचा (शांता)." पुढे वासाचा रकाना त्यांच्याकडेच गेला.

चौथ्या रविवारी दुसरी पांढरी बाटली उघडली. बूच आधीच भिजलेलं होतं. मी त्या दिवशी भेदरलेलो होतो, कारण येताना जिनिंगचे मॅनेजरसाहेब रस्त्यात भेटले होते आणि त्यांनी माझ्या भूमितीकडे पाहून "रविवारीही?" असं विचारलं होतं. मॅनेजर म्हणजे गावच्या दारूबंदी समितीचे माणूस, खादीधारी आणि मनापासून. मला कधी एकदा घरी जातो असं झालं होतं. पेला ओठाला लावला न लावला आणि म्हणालो, "उत्तम!" विसूभाऊंनी पेला खाली ठेवला. "उत्तम? मास्तर, हे आंबलं हाये. लोणच्यावानी." मी म्हटलं, असेल. तेव्हा ते जे बोलले ते मी विसरलो नाही. "माणसाशी एखाद्या वेळी खोटं चालते. नमुन्याशी नाई बोलू." आणि चिठ्ठी लिहिली: "नमुना चार. रंग पिवळट. वास आंबूस. तार तुटकी. मास्तरांचे मत: उत्तम." मला शिक्षा म्हणून मुद्दामच लिहिलं ते, आणि हसले.

आणि घात झाला तो याच चिठ्ठीने. त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे घरी तपासलेले कापसाचे नमुने बांधले. सवयीचे हात. चार नंबरच्या नमुन्याला चार नंबरची चिठ्ठी. फक्त ती कापसाची नव्हती. कापसाची चार नंबरची चिठ्ठी घरीच राहिली, आणि बाटलीची, माझ्या नावासकट, सोमवारी सकाळी मॅनेजरच्या टेबलावर गेली. बुधवारी विसूभाऊंच्या ध्यानात आलं. ते स्वतः शाळेत सांगायला आले. मी त्यांच्यावर ओरडलो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसाला मी "तुम्हाला अक्कल आहे का?" असं विचारलं. ते म्हणाले, "चुकलं खरं." आठवडाभर मॅनेजर काही बोलले नाहीत.

तरी पाचव्या रविवारी मी गेलोच. का गेलो? घरी एकट्याने वाट पाहत बसणं त्याहून वाईट होतं म्हणून. पहिली शांपेन. गुलाबने बुचावरची तार सोडवली, बुचाला हात लावला मात्र, आणि धाडकन आवाज झाला. बूच आढ्याला! फेस त्याच्या सदऱ्यावर, आम्ही तिघं खिळल्यासारखे. मग विसूभाऊ हसायला लागले. पेल्यात बारीक बुडबुडे खालून वर, रांगेने. वहिनींनी वास घेतला, "जिलेबीचं पीठ भिजू घातलं की येते तो." मी जिभेवर घोट धरला होता आणि मला पहिल्यांदाच काहीतरी खरंच आवडत होतं... तेवढ्यात दारावर थाप पडली. "ठोंबरे, आहात का?"

गुलाब मागच्या भिंतीवरून पसार झाला. जिनिंगचाच नोकर तो, करणार काय? विसूभाऊंनी बाटली कापसाच्या ढिगात खुपसली, वहिनींनी पेले टोपलीखाली सारले आणि चुलीवर तेलात मूठभर सुक्या मिरच्या टाकल्या. मॅनेजर आत आले तेव्हा घरभर ठसका उठला होता. मी भूमिती उघडून बसलो होतो. ती उलटी होती. मॅनेजर खोकत बसले, डोळे पुसले आणि खिशातून चिठ्ठी काढून काळ्या फडक्यावर ठेवली.

"ठोंबरे, चार नंबरचा माल या हंगामातला सगळ्यात चांगला माल आहे. तुम्ही लिहिता, पिवळट, आंबूस, तार तुटकी. आणि आपल्या कंपनीच्या मालावर शाळामास्तर मत देतात, उत्तम. मला दोनच गोष्टी दिसतात. एक तर तुमची पारख गेली. नाहीतर ही चिठ्ठी कापसाची नाही. साहेबाच्या बंगल्यातून काय काय निघालं याची गावात कुजबुज आहे. चिठ्ठी दुसऱ्या कशाची असेल तर तसं सांगा. मला वर कळवावं लागेल, त्यात यांचंही नाव येईल." यांचं म्हणजे माझं. माझ्या डोळ्यांपुढे नालवाडीच्या घराचं दार आलं. ढिगातून बारीक फसफस ऐकू येत होती. मला वाटलं, सगळ्या गावाला ऐकू येत असणार.

विसूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही. म्हणाले, "कापसाचीच हाये जी. माहीच चूक. महिना झाला, मले तार समजत नाई. डोळ्यालेबी कमी दिसून राह्यलं. मास्तरले पाहाले लावतो, म्हनून त्यायचं नाव." मॅनेजरना ते पटलं नाही. त्यांनी खिशातून दोन पुंजके काढले. ते तयारीनेच आले होते. "यातला लांब तारेचा कोणता, सांगा."

विसूभाऊ खिडकीशी गेले. पहिला पुंजका अंगठ्यांत धरून ओढला. मी त्यांचे हात कितीदा पाहिले होते. धागे सुटले आणि त्यांचा अंगठा क्षणभर जागीच थांबला. त्यांना कळलं होतं. मला कळलं की त्यांना कळलं. सरकी वेचणाऱ्या बाईनेही सांगितलं असतं इतका फरक होता. दुसरा ओढला. दोन्ही काळ्या फडक्यावर शेजारी शेजारी ठेवले, आखूड आणि लांब, ढळढळीत. मग आखूडावर बोट ठेवून म्हणाले, "हा लांब."

"नीट पाहा."

"हाच जी."

मॅनेजरनी वाकून फडक्यावरचे धागे पाहिले. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमचं काय मत?" त्यांना काय हवं होतं, मला आजही नक्की सांगता येत नाही. कदाचित त्यांनाही ते खोटं सहन होत नसेल. एक शब्द बोललो असतो, तो लांब आहे, यांना ठाऊक आहे, हे माझ्यासाठी खोटं बोलताहेत... तर काय झालं असतं? नोकरी गेली असती. एवढंच. मी म्हणालो, "मला कापसातलं काही कळत नाही."

ढिगाच्या तळाशी कापूस ओला होऊन काळपट पडत चालला होता. मॅनेजरनी तो पाहिला की नाही देव जाणे. उठताना ते म्हणाले, "ठोंबरे, असा हात या जिल्ह्यात दुसरा नव्हता." दुसऱ्या दिवशीपासून विसूभाऊ टेबलावर नव्हते. नंबर कोरलेले पत्रे, रंगाचा डबा आणि गठाणी. गावात बोलवा झाला, विसूभाऊचा हात गेला. त्यांनी कोणालाही उत्तर दिलं नाही.

त्या रविवारी मॅनेजर गेल्यावर त्यांनी बाटली ढिगातून ओढून काढली. अर्धी उरली होती. माझ्या पेल्यात ओतायला लागले तर मी उठलोच. दारात म्हणाले, "सहावा नमुना राह्यला, मास्तर. नोकरी पक्की झाली की येजा. मंग खोलू." जूनमध्ये माझी नोकरी पक्की झाली. मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ... बाजारात ते दिसले तर मी कडेच्या दुकानात शिरायचो, नको असलेला गूळ घ्यायचो. बहिणींची लग्नं झाली, दोन्ही लग्नांना ते आले, अक्षता टाकून न जेवता गेले. सहा वर्षं अशी गेली. शरम माणसाला एवढी कृतघ्न करते हे मला माहीत नव्हतं.

तेरवीनंतर वहिनींनी गुलाबकरवी बोलावणं पाठवलं. भर दुपार, रविवारच. मधल्या खोलीत आता ढीग नव्हता, खिडकी तेवढी होती. वहिनींनी पेटी उघडली. रुईत गुंडाळलेली सहावी बाटली, आणि सुतळीने गळ्याला बांधलेली चिठ्ठी. "दर साली उन्हाळ्यात ओलं पोतं गुंडाळत," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, खोला आता. तं म्हनत, मास्तरबिगर चिठ्ठी पुरी होत नाई." मी तिथे रडलो. चाळिशीला आलेला माणूस, पेटीवर डोकं ठेवून. वहिनींनी रडू दिलं.

गुलाबने बूच काढलं. आवाज झाला नाही. पेल्यात शिळ्या चहासारखा रंग, एक बुडबुडा नाही. वहिनींनी वास घेतला आणि मान हलवली, "जीव गेला याचा." मी माझा पेला पूर्ण प्यायलो, सावकाश, मोजत. तीनलाच चव संपली. उरलेली वहिनींनी मागच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतली. रिकामी बाटली मी घेऊन आलो, ती माझ्या टेबलावर आहे, कोणाला जप्त करायची असेल तर माझ्याकडे यावं. वहिनींकडे काही नाही.

मी विचारलं, "वहिनी, हे सगळं लिहू का?" त्या म्हणाल्या, "लिवा. त्यायचा हात गेलता, असंच लोक समजून राह्यले. गेला नव्हता ना, मास्तर? तुमी तं पाह्यलं." एवढी वर्षं त्या हे एकच माझ्या तोंडून ऐकायची वाट पाहत होत्या. मी म्हटलं, "नव्हता गेला. त्यांनी दोन्ही ओळखले होते. मी पाहिलं." त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली. साहेबाचा पत्ता मागे लिहिलेला होता. वर विसूभाऊंच्या अक्षरात एवढंच: "नमुना सहा. मास्तरांचे मत." पुढे कोरं.

कापसात एक जात असते, कवडी. बोंडाला अळी लागली की आतली पाकळी फुलत नाही, पिवळी, टणक राहते. बोंड बाहेरून चांगलं दिसतं. पारखी ती पहिल्यांदा वेचून बाजूला टाकतो. विसूभाऊंनी मला कधी टाकलं नाही. मी लेखणी घेतली आणि लिहिलं: "नमुना उन्हाने गेला, त्याचा दोष नाही. पारखी अव्वल होता. मास्तर कवडी निघाला."

वहिनींनी ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "सही करा."

मी केली, पूर्ण नावाने. तेच नाव या लेखावरही घातलं आहे.